राइडच्या आधीचा नाश्ता : इमॅजिकाच्या तीन सहली

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदा खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला गेलो. थोरला नातू तेव्हा सहा वर्षांचा. पहिल्याच राइडवरून उतरला, माझा हात घट्ट धरला, "आजी, पोटात कसंतरी होतंय" म्हणाला आणि तिथेच भडभडून ओकला. पुढचे दोन तास तो आणि मी सावलीत बाकावर. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि नायट्रो या रोलरकोस्टरवरच्या लोकांच्या आरोळ्या ऐकत होता. महिनाभर त्याने कॅलेंडरवर रोज फुली मारली होती. त्या दिवशीचं त्याचं तोंड मी विसरलेले नाही.

दोष राइडचा नव्हता, सकाळच्या खाण्याचा होता. एक्सप्रेसवेवरच्या एका फूडमॉलमध्ये आम्ही आठ वाजता थांबलो. सुट्टीचा दिवस, कुपनाच्या रांगेतच पाऊण तास गेला. तोवर पोरगं भुकेने रडकुंडीला आलेलं. मेदूवडे आले ते कोमट, बोटांना तेल लागत होतं. त्याने दोन वडे खाल्ले, वर बाटलीतलं थंडगार चॉकलेटचं दूध प्यायला. अडीच तासांनी तो राइडमध्ये बसला तेव्हा ते सगळं पोटात तसंच होतं. तेलकट खाणं पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो. त्यात राइडमध्ये कानातलं तोल सांभाळणारं यंत्र एक सांगतं, डोळे दुसरंच सांगतात, आणि तो गोंधळ पोटाला सोसावा लागतो. मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. सहलीच्या बसमध्ये चढण्याआधी पोरांना तळलेलं द्यायचं नाही, हे मी दरवर्षी पालकांना सांगायची. घरच्या सहलीत मात्र सगळं घाईत झालं.

म्हणून हे लिहिते आहे. इमॅजिकाच्या राइड्सबद्दल सगळे भरभरून सांगतात, पण सहा जणांचं कुटुंब पहाटे निघतं तेव्हा कुणी काय खायचं, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरात दोन नातवंडं, मुलगा, सून, मी आणि आमचे हे. ह्यांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. गोळी घेतल्यावर वेळेत खायला लागतं, आणि काहीही खाऊन चालत नाही.

दुसरी सहल २०२३ च्या डिसेंबरात. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. या वेळी मी आदल्या रात्रीच सुनेला म्हटलं, मुलांचा नाश्ता दोन हप्त्यांत करायचा. पहिला हप्ता निघताना, थोडासा. दुसरा पार्कच्या बाहेर, गेट उघडायच्या तासभर आधी. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, त्यामुळे जे खायचं ते आत जाण्याआधी, हे धरूनच बेत केला.

डब्यात दशम्या केल्या होत्या. दुधात पीठ भिजवलेली दशमी दिवसभर मऊ राहते, म्हणून तर आपल्याकडे पूर्वीपासून प्रवासात दशम्या नेतात. मी ज्वारीच्या पिठात थोडी कणीक घालते, म्हणजे थापताना तुटत नाहीत आणि मुलांना चावायला सोप्या जातात. एका बाजूला लोणी, वर गूळ किसून, आणि गुंडाळी करून फॉइलमध्ये. सोबत उकडलेली रताळी आणि वेलची केळी. धाकटीला गरम काहीतरी लागतंच. तिच्यासाठी लहान थर्मासच्या डब्यात मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. पावणेदहाला झाकण उघडलं तेव्हा वाफ आली. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीतल्या एका छोट्या मुलीने "आई, मला पण तसला भात" म्हणून हट्ट धरला, मग तिलाही चार चमचे दिले.

पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या होत्या. आल्याने मळमळ दबते, हा घराघरातला अनुभव आहे. गेटच्या रांगेत उभं असताना राइडमध्ये बसणाऱ्यांनी एकेक तुकडा चघळला. त्या दिवशी थोरल्याने डीप स्पेस दोनदा केली. अंधारातून सुसाट जाणारी ती राइड, आणि उतरल्यावर याचे डोळे चमकत होते. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मोठ्यांनी मात्र त्या दिवशी डबा खाल्ला नाही. डोंबिवलीहून आम्ही शिळफाटा, तळोजामार्गे पनवेलला येतो, आणि तिथून एक्सप्रेसवे न धरता जुन्या रस्त्याने पळस्प्याला जातो. कारण एकच, पळस्पे फाट्याचं दत्त स्नॅक्स. गोव्याकडे जाणारे आणि जुन्या रस्त्याने पुण्याकडे जाणारे, दोघांचीही वाट इथून फुटते, त्यामुळे कित्येक घरांच्या सहलींची पहिली सकाळ या टेबलांवर उजाडली असेल. मिसळीचं नाव सगळीकडे झालं आहे आणि ते योग्यच आहे. तरी ज्याला दोन-तीन तासांत रोलरकोस्टरमध्ये बसायचं आहे, त्याने इथे मिसळ खाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तर्रीची चव जिभेवर छान लागते, पण पाच वेळा उलटं फिरवणाऱ्या नायट्रोत ती पोटात नको. मुलाला मी हे सांगितलं. त्याने मिसळीकडे बघून सुस्कारा सोडला आणि थालीपीठ मागवलं.

थालीपीठ हा अशा सकाळसाठी फार शहाणा पदार्थ आहे. भाजणीत धान्यं आहेत, डाळी आहेत, धणे-जिरं आहे. एक खाल्लं की दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो आणि जडही वाटत नाही. ह्यांच्यासाठी तर उत्तमच. त्यांनी एक थालीपीठ दह्याबरोबर खाल्लं, गोळी वेळेवर घेतली, आणि दुपारी जेवेपर्यंत त्यांना काही त्रास झाला नाही. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती, ती फोडावी लागली नाही. सुनेने कोथिंबीर वडी घेतली. ती तळलेली असते, पण तिला राइडमध्ये बसायचं नव्हतंच, ती धाकटीबरोबर टब्बी हत्तीच्या लहान मुलांच्या राइडपाशी थांबणार होती. मी पियूष प्यायले. जायफळ-वेलचीचा वास आणि तो थंड, दाट घोट. साखर असते, म्हणून ह्यांना फक्त एक चमचा चाखवला.

एक सूचना. शनिवार-रविवारी इथे साडेआठनंतर बसायला जागा मिळणं अवघड होतं. आम्ही सव्वासातला पोचलो होतो, तेव्हा निवांत बसता आलं.

तिसरी सहल यंदाच्या जानेवारीत, आणि ती सगळ्यात वेगळी. मुलाने ह्यांच्या पंच्याहत्तरीचं म्हणून पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलमध्ये एक रात्र खोली घेतली. मला आधी हा खर्च जास्त वाटला. मग सकाळी कळलं की आपण पैसे मुख्यतः सकाळच्या वेळेसाठी देतो. पहाटे साडेचारचा गजर नाही, अंधारात पोरांना अंघोळी नाहीत, गाडीत पेंगणं नाही. सव्वासातला आंघोळ करून, केस विंचरून आम्ही सहा जण नाश्त्याच्या दालनात गेलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

बुफे म्हटलं की लहान मुलं पहिल्यांदा कुठे धावतात हे मला बालवाडीपासून ठाऊक आहे. गोडाकडे. पॅनकेक, मफिन, चॉकलेटचे कुरकुरीत दाणे दुधात. सकाळी सकाळी नुसत्या गोडावर पोट भरलं की अकराला रांगेत उभं असताना मुलाला पुन्हा भूक लागते. म्हणून मी दारातच दोघांना खाली बसून सांगितलं, पहिली ताटली मिठाची, ती संपली की एक गोड वस्तू, कुठली ते तुम्ही ठरवा. धाकटीने इडली-सांबार घेतलं, सांबार वाटीत वेगळं. ती इडली बुडवून खाते आणि त्यात तिचा अर्धा तास जातो, पण तो वेळ तिथे होता. थोरल्याने अंड्याच्या काउंटरवर उभं राहून स्वतः ऑम्लेट सांगितलं, कांदा-कोथिंबीर घालून, मिरची नको. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला असं स्वतःचं खाणं स्वतः मागता येतं, आचारी त्याला "अजून काही घालू का?" म्हणून नीट विचारतो, याने तो केवढा ताठ होऊन ताटली घेऊन आला! गोडात त्याने एक पॅनकेक घेतला, तिने कलिंगड. मला तिचा अभिमान वाटला.

ह्यांनी ऑम्लेट, एक इडली, पपईच्या फोडी आणि बिनसाखरेचा चहा घेतला. बुफेचा खरा फायदा मधुमेहाच्या माणसाला होतो. समोर सगळं असतं, त्यामुळे भात-मैद्याचं किती आणि अंडं-कडधान्याचं किती हे ताटलीतच तोलता येतं, आणि कुणाला सांगावं लागत नाही. एकच अडचण असते ती म्हणजे "पैसे भरलेत" म्हणून जास्त वाढून घेण्याची. आम्ही घरातून निघतानाच ठरवलं होतं, पोट तीन भाग भरायचं, एक भाग मोकळा ठेवायचा.

खोली घेताना नाश्ता भाड्यात धरला आहे का, आणि मुलांचा वेगळा लावतात का, हे मात्र आधी विचारून घ्या. सहा जणांच्या घरात या एका गोष्टीने बिलात चांगलाच फरक पडतो.

मला कुणी विचारलं की यातलं कुठलं बरं, तर मी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाकडे बघून सांगीन. सत्तरीच्या पुढचं कुणी बरोबर असेल आणि परवडत असेल, तर एकदा तरी मुक्काम करा. आमचे हे त्या सकाळी जेवढं हसले तेवढं दोन्ही आधीच्या सहलींत मिळून हसले नव्हते. एका दिवसाची सहल असेल तर मुलांना डबा आणि मोठ्यांना पळस्पे, यात मला काही बदलावंसं वाटत नाही. पुण्याकडून येणाऱ्यांना पळस्पे वाटेत लागत नाही. त्यांनीही दशम्या किंवा धपाटे करून घ्यावेत आणि घाट उतरून खाली आल्यावर खावेत. वळणांच्या आधी भरल्या पोटाने बसलं की लहान मुलांना घाटातच मळमळायला लागतं, राइडपर्यंत वेळच येत नाही. आणि अष्टविनायकाला निघालेल्या बऱ्याच घरांना मी पाहिलं आहे, सकाळी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन, मग त्याच खोपोली–पाली रस्त्याने मागे येऊन पार्क. तसं करायचं असेल तर नाश्ता पालीतच उरका. पार्कमध्ये शिरल्यावर पोरांना थांबवून काही खायला घालणं कुणाच्याही हातात राहत नाही.

आत गेल्यावर जेवायला बरीच ठिकाणं आहेत. आम्ही साडेबाराच्या आतच बसतो, रांग वाढायच्या आधी. राजासॉरसच्या पाण्यातल्या राइडवर भिजून आल्यावर मुलांना फार भूक लागते, म्हणून ती राइड जेवणाच्या लगेच आधी ठेवतो. पाणी मात्र सकाळपासून घोट घोट पाजत राहायचं, एकदम अर्धी बाटली नाही.

तिसऱ्या सहलीहून परतताना आम्ही वाट थोडी वाकडी करून खोपोलीत रमाकांतकडे थांबलो. सकाळभर जे तळलेलं नको म्हणून टाळलं, ते आता सगळ्यांना मोकळं होतं. गरम वडा, पाव, तळलेली मिरची. थोरल्याने दोन खाल्ले आणि तिसऱ्यासाठी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. घरी पोचेपर्यंत तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपला होता, आणि या वेळी त्याचं पोट अगदी बरं होतं.