मिरजेचा तंबोरा: दहा महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी आई गेली, आणि संध्याकाळी साडेसहानंतर घर खायला उठायला लागलं. तिच्या औषधांची, जेवणाची वेळ ती. हात मोकळे, पण जीव थाऱ्यावर नाही. गाणं पंचवीस वर्षांपूर्वी सुटलं होतं, ते पुन्हा धरावं असं वाटलं.

आधी मुलाने फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप घालून दिलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. काळी चार ही पट्टी निवडली की सूर हजर, तासभर ढळत नाही. तरी मी वर षड्ज लावून बसायचे आणि मन दवाखान्याच्या जिन्यात फिरत असायचं.

शेवटी गाण्याच्या बाईंचं ऐकून मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत हे काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललंय, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात शिरले तेव्हा एक कारागीर जवारी काढत बसले होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तार गुंजेल अशी घासत होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा दोनदा फिरवायची. अर्धा तास मी नुसती बघत उभी होते. घाई कशाचीच नव्हती त्या हातांना.

पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड, बायकांच्या पट्टीचा, मध्यम आकाराचा. गवसणीसकट सव्वीस हजार पडले. सहा आठवडे सांगितले होते, लागले अकरा. तीनदा फोन करावा लागला. त्याचं तेव्हा वाईट वाटलं, आजही दुकानाने तारीख नीट सांगायला हवी होती असंच म्हणेन.

आता खरं सांगायचं ते. मला शांत करतं ते तंबोऱ्याचं वाजणं नाही, त्याचं लागणं. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळवायच्या. खुंटी जरा जास्त पिळली तर सूर चढतो, मग उतरवून पुन्हा. त्यानंतर पंचम, शेवटी पितळी खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार. उरलेली केसभर कसर खालचे मणी सरकवून काढायची. मग घोडी आणि तार यांच्यामधला दोरा नखाने हळूच पुढे-मागे करायचा. एका जागी तार एकदम उघडते, आणि सगळ्या खोलीत गुंजन भरतं. त्या एका जागेसाठी कान असा लावावा लागतो की दुसरं काही मनात ठेवताच येत नाही. रागात असले, रडून आले असले, तर तारा मिळत नाहीत; श्वास खाली बसला की मिळतात. पहिले दोन महिने मला यात अर्धा तास जायचा. आता दहा मिनिटं.

आणि खर्ज नीट लागला की त्यातून गंधार, म्हणजे ‘ग’, आपोआप ऐकू येतो. कुठल्याच तारेवर लावलेला नसतो तो. पहिल्यांदा ऐकला त्या संध्याकाळी मी गायलेच नाही. मधलं बोट पंचमावर, तर्जनी बाकीच्या तिघींवर, एवढंच चालू ठेवलं. दिवा लावायचंही राहिलं. आईची आठवण आली, पण बोचली नाही. शेजारी येऊन बसल्यासारखी होती.

घेणाऱ्यांसाठी थोडं. कुरियरने मागवू नका. ओळखीच्या एकीचा भोपळा वाटेत तडकून आला. स्वतः जा, बसून वाजवून बघा, आणि जवारी आपल्या पट्टीत काढून घ्या. पावसाळ्यात दमट हवेने सूर रोज हलतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवून बसा. ज्यांना पहाटे वीस मिनिटांत रियाज उरकून लोकल पकडायची आहे, त्यांनी अ‍ॅपच वापरावं, त्यात कमीपणा नाही.

जुलैत माझी खर्जाची तार तुटली. दुकानात गेले तर त्याच कारागिरांनी बसवून दिली, दोराही बदलला, पैसे फक्त तारेचे घेतले. जादा दोन तारा घेऊन आलेय. गवसणीच्या खिशात आहेत.