टियागो ईव्ही: गाडी चांगली आहे, पण आधी तुमचं पार्किंग दाखवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते मुलुंड पूर्वेला आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सकाळी घाटकोपर, दुपारी शीव नाहीतर परळ, संध्याकाळी परत भांडुप-मुलुंड. डिकीत आयएफटीचं (दुखऱ्या भागाला हलका विद्युतप्रवाह देणारं) मशीन, अल्ट्रासाउंडचं मशीन, घडीचा वॉकर आणि एक जाडजूड मॅट. हे सगळं घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही, आणि रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. त्यामुळे गाडी ही माझी हौस नाही, कामाचं हत्यार आहे. महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर होतात, तेही बहुतेक ट्रॅफिकमध्ये सरकत.

आधीची पेट्रोल हॅचबॅक विकून टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी घेतली, त्याला आता दोन पावसाळे उलटले. मोठ्या बॅटरीची, २४ किलोवॅट-अवरवाली. म्हणजे पूर्ण भरली की आत २४ युनिट वीज. ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा कागदावर रेंज ३१५ किलोमीटर होती. तो आकडा चाचणीच्या ठरावीक चक्रातला असतो. पेट्रोल गाडीचा लिटरमागे वीसचा आकडा जितका खरा, तितकाच हाही खरा. मला एसी लावून शहरात २०० मिळतात, थंडीच्या दिवसांत थोडे जास्त. शोरूममधल्या मुलाने स्वतःहून “मॅडम, दोनशे धरून चाला” असं सांगितलं होतं, त्यामुळे भ्रमनिरास वगैरे काही झाला नाही.

गाडी चालवायला कशी आहे? मुंबईसाठी उत्तम. पेट्रोल गाडीचं सगळ्यात वाईट अॅव्हरेज ट्रॅफिकमध्ये पडतं, हिचं सगळ्यात चांगलं ट्रॅफिकमध्येच पडतं. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या कामामुळे गाडी दहा फूट सरकते नि थांबते. थांबलेल्या गाडीत मोटर काही खात नाही, खातो तो फक्त एसी, तो तासाला साधारण एक युनिट. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतःच मंदावते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणून ब्रेकवर पाय क्वचितच जातो. क्लच नाही. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवून झाल्यावर स्वतःचा डावा गुडघा शाबूत राहतो, याची किंमत माझ्या धंद्यातल्या बाईलाच कळेल. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही गाडी पुन्हा घेईन.

आता खरा विषय, चार्जिंग.

आमची इमारत सात मजली, जुनी, स्टिल्ट पार्किंगची. माझी जागा ठरलेली आहे, खांबाला लागून. सोसायटीकडे अर्ज दिला आणि सेक्रेटरींनी ताबडतोब दोन शंका काढल्या: आग लागली तर, आणि सोसायटीच्या मीटरवर लोड आला तर. दोन्ही शंका रास्त आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण दोन्हींना उत्तर आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट होतं की मालकाला घरी किंवा ऑफिसात, आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. मी तो कागद, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं ड्रॉइंग आणि “खर्च माझा, जबाबदारी माझी” असं पत्र एकत्र लावलं. मग मासिक सभा, मग चहा, मग पुढची मासिक सभा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी “उद्या सगळेच मागतील” असा मुद्दा काढला. “मागू देत की काका, तेव्हा सगळ्यांची मिळून एकच लाइन टाकू,” असं म्हटल्यावर परवानगी मिळाली.

काम म्हणजे मीटर रूमपासून खांबापर्यंत आर्मर्ड केबल, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारं), नीट अर्थिंग आणि कुलूप लागणाऱ्या डब्यात १५ अँपिअरचा सॉकेट. खर्च वीस-बावीस हजार. भिंतीवर लावायचा मोठा चार्जर मी घेतला नाही. रात्री दहाला लावली की सकाळी गाडी भरलेली असते, मग चार तासांत भरून करायचंय काय? दर दोन-तीन रात्रींनी एकदा लावते.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची. घरगुती मीटरवर १००, ३०० आणि ५०० युनिटला दराचे टप्पे आहेत. आमचं घर महिन्याला अडीचशेच्या आसपास खातं. गाडीची दीडशे-पावणेदोनशे युनिटं त्याच मीटरवर टाकली तर त्यातली बहुतेक ३०१ च्या वरच्या महाग टप्प्यात जाऊन बसतात, आणि “किलोमीटरला एक रुपया” ही जाहिरातीतली मजा निघून जाते. म्हणून ईव्ही चार्जिंगसाठी असलेल्या वेगळ्या दरवर्गात दुसरं मीटर घेतलं. त्याचं बिल स्थिर आकार, कर सगळं धरून युनिटला नऊ-दहा रुपये पडतं. दादरला वीज बेस्टची, अंधेरीला अदानी किंवा टाटा पॉवरची. तुमच्या भागातला हिशोब वेगळा निघेल. तो गाडी बुक करण्याआधी मांडा. (बेस्ट वीजही देते आणि बसही चालवते. याच शहरात १९०७ ते १९६४ विजेवर ट्राम धावत होत्या. आपण काही फार नवं करतोय अशातला भाग नाही.)

आता पैशांचं. जुनी गाडी ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा द्यायची. पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये. ही गाडी भिंतीतून ओढलेली वीज मोजली तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. सात रुपये वाचले. १,२०० किलोमीटरला महिन्याचे ८,४०० झाले. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा मी तीनेक लाख जास्त मोजले, ते तीन वर्षांत वसूल. पण तुमचं फिरणं महिन्याला ३०० किलोमीटर असेल, रविवारी सासुरवाडी आणि एखादं लग्न एवढंच, तर वसुलीला बारा वर्षं लागतील, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ईव्हीवर तो आधीपासून ५ टक्केच होता, त्यामुळे दोघींच्या किमतींतलं अंतर वाढलं. पर्यावरणासाठी घेत असाल तर वेगळं, पण बचतीसाठी घेत असाल तर आधी ओडोमीटर बघा.

आणि मुंबईत स्पर्धा पेट्रोलशी नाहीच, सीएनजीशी आहे. किलोला ८० रुपयांच्या आसपास, किलोमीटरला चारेक रुपये, आणि गाडीही स्वस्त. मी सीएनजी घेतली नाही कारण सिलिंडर डिकीत बसला की माझी मशीनं मांडीवर घ्यावी लागली असती. पंपावरची रांग हे दुसरं कारण. नऊला पेशंट असेल तर साडेसातला गॅसच्या रांगेत उभं राहण्याची माझी तयारी नाही.

पावसाचं सगळे विचारतात. बॅटरी पॅक आयपी ६७ दर्जाचा आहे, म्हणजे चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. शिवाय हवा ओढणारं इंजिनच नाही, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखं पाणी आत ओढून इंजिन जाम होण्याचा प्रश्न येत नाही. गांधी मार्केटच्या गुडघाभर पाण्यातून मी हळूहळू बाहेर आले आहे. तरी हिंदमाताला पाणी भरलंय असं कळलं की मी पेशंटला फोन करून उद्याची वेळ देते. चाचणी स्वच्छ पाण्यात होते, तिथे उघडं मॅनहोल नसतं.

सर्व्हिसिंगला ऑइल नाही, फिल्टर फक्त एसीचा. टायर मात्र लवकर झिजतात असं माझं निरीक्षण आहे. गाडी जड आणि उचल जोरदार, त्यामुळे होत असावं. बारा व्होल्टची नेहमीची छोटी बॅटरी हिच्यातही असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही, एवढं ठाऊक असू द्या. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल नाही. परळचं काम संपवून उलव्याला बहिणीकडे जायचं असेल तर शिवडीहून चढते, एका बाजूचा टोल वाचतो, आणि मग बहिणीकडे जाणं जरा वाढलंच आहे.

लांबचा प्रवास ही मात्र या गाडीची जागा नाही. लोणावळा जमतं. घाट चढताना नुसती ती सहाशे मीटरची उंची गाठायला अडीच युनिटं जातात, उतरताना त्यातली काही परत मिळतात. पण आमचं गाव चिपळूणजवळ. मुलुंडहून २४० च्या आसपास, म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. गणपतीत निघालो. महाडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर, गन (गाडीला जोडायचं तोंड) दोन, त्यातली एक मुकी. पुढे दोन गाड्या. प्रत्येकीला तासभर, आणि मग आपला तास. त्या कंपनीचं अॅप वेगळं, त्यात आधी पैसे भरायचे, उरलेले तिथेच अडकून. युनिटचा भाव घरच्या दुपटीच्या वर. सासूबाईंनी दोनदा वडापाव खाल्ला, एकदा झोप काढली आणि म्हणाल्या, “सुनबाई, पूर्वी बैलांना वैरण घालायला इतका वेळ लागत नसे.”

गावी पोचल्यावर पंपाच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा. घराला अर्थिंगच नव्हतं, आणि अर्थिंग नसेल तर चार्जर वीज घेत नाही, ते बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, परसात खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून पाइप गाडला. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. घराला अर्थिंग मिळालं हा गाडीचा गावाला झालेला फायदा. आता गणपतीला आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस पकडतो, तिकीट मिळालं तर.

४५ किलोवॅट-अवरची नेक्सॉन किंवा त्याहून मोठी गाडी घेतली तर चिपळूण एका दमात होईल. पण वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी बाकीचे दिवस ती जादा बॅटरी आणि तिचे हप्ते शीवपर्यंत वाहून न्यायचे, हे मला पटत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं, “मावशी, मीपण ईव्ही घेऊ का?” तो कांदिवलीला भाड्याने राहतो, गाडी गल्लीत जागा मिळेल तिथे लावतो. जवळचा चार्जर मॉलच्या तळघरात, चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी, शिवाय मॉलचं पार्किंग. त्याला म्हटलं, सीएनजी घे, आणि स्वतःचं पार्किंग असलेलं घर मिळालं की मला फोन कर, माझ्या इलेक्ट्रिशियनचा नंबर देते.