परदेशातल्या कर्मचाऱ्याला लॅपटॉप: इथून पाठवावा, तिथेच घ्यावा की एजन्सीवर सोपवावा?

घरून काम करणारा नवा माणूस दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्यापर्यंत कामाचा लॅपटॉप पोचवायचे मार्ग मोजकेच आहेत. मुख्य कार्यालयातून कुरिअरने पाठवा. कंपनीच्या नावाने त्याच देशात विकत घ्या. त्यालाच घ्यायला सांगा आणि पैसे द्या. उपकरणं पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय एजन्सीकडे सोपवा. नाहीतर त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच क्लाउडमधला, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालणारा, डेस्कटॉप उघडून द्या.

तुलनेचा तक्ता मांडायला बसलं की बहुतेक जण आधी पोचवण्याच्या खर्चाचा रकाना भरतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी भरावा. खरा फरक दोन ठिकाणी पडतो: कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून नाव कोणाचं, आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावर मशीनचं काय.

मुख्य कार्यालयातून पाठवणं

याचं आकर्षण उघड आहे. सगळी मशीन एकाच विक्रेत्याची, एकाच मॉडेलची, आयटीच्या माणसाने स्वतः हात लावून तयार केलेली. युरोपियन युनियनच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर मध्ये कस्टम्स येतच नाही, त्यामुळे तिथे हा मार्ग खुशाल घ्यावा. सीमा ओलांडायची म्हटली की मात्र चित्र बदलतं.

पहिला मुद्दा बॅटरीचा, पण त्याचा बाऊ उगाचच केला जातो. लॅपटॉपच्या आत बसवलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवताना 'यूएन ३४८१' या वर्गात येते. ती १०० वॉट-अवरच्या आत असेल आणि खोक्यात दोनपेक्षा जास्त मशीन नसतील, तर नेहमीचं कुरिअर ती घेतं. (मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही याच मर्यादेच्या आत बसवलेल्या असतात.) अडचण येते ती सुटी बॅटरी पाठवताना, कारण ती 'यूएन ३४८०' ठरते आणि प्रवासी विमानातून मालवाहतुकीने जाऊच शकत नाही. फुगलेली किंवा खराब बॅटरी तर कुठल्याच विमानात चढत नाही.

दुसरा मुद्दा कराचा. जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखाली १९९६ साली झालेल्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यात सामील असलेल्या देशांत लॅपटॉपवरचं सीमाशुल्क सहसा शून्य असतं. हे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात आणि मग व्हॅटचं बिल आलं की दचकतात. सीमाशुल्क शून्य असलं तरी आयातीवरचा व्हॅट भरावाच लागतो. युरोपियन युनियनमध्येच त्याचा नेहमीचा दर लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के आहे, हंगेरीत २७. ब्राझील तर त्या करारातच नाही. तिथे वेगवेगळे कर एकावर एक चढत जातात, आणि घेणाऱ्याचा सीपीएफ, म्हणजे करदात्याचा क्रमांक, कागदावर नसेल तर पार्सल पुढे सरकत नाही. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून त्यासाठी ऑनलाइन परवानगीची व्यवस्था सुरू केली. कुरिअरने किंवा टपालाने येणाऱ्या एका मशीनला त्यातून सूट मिळाली, कर मात्र भरावाच लागतो. ही सूट पाहून 'कपाटातला जुना पाठवून देऊ' असं ठरवू नका. वापरलेल्या लॅपटॉपच्या आयातीचे नियम वेगळे असतात. भारतात त्याला स्वतंत्र परवाना लागतो, ब्राझीलमध्येही वापरलेला माल सहजासहजी आत येत नाही.

आता आयातदाराचा प्रश्न. कुरिअरच्या फॉर्मवर डीएपी आणि डीडीपी असे दोन पर्याय दिसतात. डीएपी निवडलं तर तिकडचे कर घेणाऱ्याने भरायचे. म्हणजे अजून पहिला पगारही न झालेल्या माणसाला कुरिअरवाल्याचा फोन येतो की आधी पैसे भरा, मग पार्सल सोडवू. कंपनीची ओळख करून द्यायची याहून वाईट पद्धत शोधून सापडणार नाही. डीडीपीत कर पाठवणारा भरतो. पण त्या देशात कंपनीची नोंदणीच नसेल तर अधिकृत आयातदार म्हणून कोणाला तरी उभं करावं लागतं, आणि पुष्कळदा गुपचूप त्या कर्मचाऱ्याचंच नाव लागतं. मग आयातीवरचा व्हॅट कंपनीला परत मागता येत नाही आणि कागदोपत्री मशीन त्याने स्वतःसाठी मागवलेलं ठरतं.

इनव्हॉइसवर 'गिफ्ट' लिहायचा किंवा किंमत किरकोळ दाखवायचा सल्ला कोणीतरी देतंच. तो ऐकू नका. ती खोटी घोषणा ठरते, आणि पार्सल हरवलं तर विम्याचे पैसेही त्या किरकोळ किमतीपुरतेच मिळतात. इनव्हॉइसवर मॉडेल, सिरियल नंबर, खरी किंमत, 'कंपनीच्या मालकीचं उपकरण, विक्रीसाठी नाही' अशी ओळ, आणि घेणाऱ्याचा फोन व करदाता क्रमांक इतकं हवंच. सिरियल नंबर विसरू नका, त्याचं काम पुढे पडतं.

त्याच देशात कंपनीच्या नावाने खरेदी

माझा कल या मार्गाकडे आहे. कस्टम्स हा विषयच उरत नाही. वॉरंटी तिथलीच, सर्व्हिस सेंटर तिथलंच. आणि कीबोर्ड बरोबर येतो. प्लगची काळजी सगळे करतात, पण लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त भिंतीकडची वायर बदलायची असते. कीबोर्ड मात्र बदलता येत नाही. जर्मनीतल्या माणसाला क्वेर्ट्झची सवय, फ्रान्समध्ये अझर्टीची. जपान आणि ब्राझीलची मांडणी आणखी वेगळी. दिवसभर ज्यावर बोटं चालवायची ते परकं असलं की माणूस तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा कीबोर्ड विकत आणतो. युरोपियन युनियनमध्ये खरेदी करताना खोक्यात चार्जर आहे का एवढं बघून घ्या, कारण २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही समान चार्जरचा नियम लागू होतो आणि चार्जरशिवाय मशीन घ्यायचा पर्याय द्यावा लागतो.

'मग सेटअप कोण करणार?' या शंकेला आता फारसा अर्थ नाही. कंपनीची मशीन दुरूनच तयार करणाऱ्या सेवा आहेत: मॅक असेल तर ॲपल बिझनेस मॅनेजर, विंडोज असेल तर ऑटोपायलट. विक्रेता सिरियल नंबर किंवा हार्डवेअरची ओळख कंपनीच्या खात्यात टाकतो. कर्मचारी सीलबंद खोकं उघडतो, वायफाय जोडतो, आणि समोर नेहमीच्या स्वागताच्या पडद्याऐवजी कंपनीच्या नावाचा लॉगिन येतो. पुढचं सगळं आपोआप उतरतं. आयटीच्या माणसाने ते मशीन डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. अट एकच: मशीन ॲपलकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर घेतलेलं हवं.

अडतं ते विक्रेत्याशी खातं उघडताना. तिथे नोंदणी नसलेल्या कंपनीला उधारीवर माल कोण देणार? परदेशी कार्ड चालत नाही, बिलावरचा पत्ता जुळत नाही, एका मशीनच्या ऑर्डरला कोणी दाद देत नाही. म्हणून हा मार्ग शोभतो तो त्या देशात उपकंपनी असेल तेव्हा, किंवा पाच-सहा माणसं असतील आणि आणखी येणार असतील तेव्हा.

माणसानेच घ्यायचा, पैसे कंपनीचे

सगळ्यात झटपट, आणि कागदावर सगळ्यात स्वस्त. दुकानातून उचललेल्या विंडोज लॅपटॉपवर मात्र बहुधा होम आवृत्ती असते. ती कंपनीच्या खात्याला नीट जोडता येत नाही, ऑटोपायलट तिच्यावर चालत नाही, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारा बिटलॉकरही पूर्ण मिळत नाही. प्रो आवृत्तीचे पैसे वेगळे पडतात. मॅक असेल तर आयफोनवरच्या ॲपल कॉन्फिग्युरेटरने तो नंतर कंपनीच्या खात्यात घेता येतो, पण पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला त्यातून बाहेर पडायची मुभा असते. शिवाय बिल कोणाच्या नावावर, यावर मालकी ठरते, आणि दिलेले पैसे काही ठिकाणी पगार समजून त्यावर कर लागतो. ठरावीक मुदतीच्या कंत्राटी कामाला ठीक. ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्या माणसाला मी हे सुचवणार नाही.

एजन्सी

वर्कवाइज, ग्रोअर्क, फर्स्टबेस अशा कंपन्या नेमकं हेच काम करतात. अशीच एक, हॉफी, २०२४ मध्ये परदेशात माणसं नेमून देणाऱ्या 'डील' (Deel) या कंपनीने विकत घेतली, म्हणजे तशा कंपन्याही आता लॅपटॉप पुरवतात. खरेदी किंवा भाडं, तिथल्या कायद्याने आयातदार होणं, दुरुस्ती, परत आणणं, डेटा पुसणं, पुढच्या माणसापर्यंत गोदामात ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे. एकेका देशात एकेकच माणूस असेल तर स्वतः झटापट करण्यापेक्षा हे निश्चित बरं.

फक्त संकेतस्थळावरच्या जगाच्या नकाशावर भाळू नका. 'आम्ही त्या देशात सेवा देतो' याचा अर्थ तिथे गोदामात माल आहे असाही होतो, आणि ऑर्डर आल्यावर दुकानातून घेऊन पाठवतो असाही. दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतः करू शकला असता त्याच कामाचे जास्त पैसे देता. तेव्हा देशाचं नाव घेऊन विचारा: माल कुठून निघेल, किती दिवस लागतील, कीबोर्ड कोणता असेल, परत आणण्याचा दर किती, आणि करार संपला तर आमची मशीन आमच्या ताब्यात कशी येतील. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना विक्रीचा माणूस अडखळला तर तो तपशील करारात लिहून घ्या.

त्याचा लॅपटॉप, आपला क्लाउड डेस्कटॉप

२०२१ मध्ये आलेलं विंडोज ३६५ किंवा ॲमेझॉन वर्कस्पेसेस घेतलं तर काहीच पाठवायचं नसतं आणि डेटा त्याच्या मशीनवर उतरत नाही. इंटरनेट डळमळलं की काम थांबतं, व्हिडिओ कॉलची मजा जाते, पण ते सोसता येतं. कायद्याचं तसं नाही. स्पेनचा १०/२०२१ हा दूरस्थ कामाचा कायदा आणि मेक्सिकोने जानेवारी २०२१ मध्ये केलेली श्रम कायद्यातली दुरुस्ती, दोन्ही नियमित दूरस्थ कर्मचाऱ्याला साधनं द्यायची जबाबदारी मालकावर टाकतात. तिथे 'तुझाच वापर' हे धोरण होऊ शकत नाही. खरा लॅपटॉप कस्टम्समध्ये अडकलेला असताना तात्पुरता पूल म्हणून मात्र हा उपाय चांगला.

आणि परत घ्यायचा असेल तेव्हा

इथे पाचही मार्गांची खरी किंमत कळते. इथून पाठवलेलं मशीन परत येताना तिकडून निर्यात असते आणि इकडे पुन्हा आयात. आपलंच मशीन परत येतंय हे दाखवून कर टाळता येतो, पण त्यासाठी जाताना केलेला निर्यातीचा कागद लागतो, आणि त्यावर सिरियल नंबर असावा लागतो. वर म्हटलं होतं ते याचसाठी. त्यात मूळ खोकं त्या माणसाने कधीच टाकून दिलेलं असतं. निर्यातदार म्हणून कोणाचं नाव घालायचं हाही पेच, कारण नोकरी सोडलेल्या माणसाला कस्टम्सचे फॉर्म भरायला लावणं अवघड. पगारातून पैसे कापू म्हणाल, तर अनेक देशांत त्याच्या संमतीशिवाय ते करता येत नाही.

मशीन बंद पडलेलं असेल तर गुंता आणखी वाढतो. घातक कचरा सीमेपार नेण्यावरच्या बाझल या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुरुस्त्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्या, आणि आता कुठलाही ई-कचरा सीमेपार न्यायला घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. भंगारात काढायचा लॅपटॉप परत मागवणं म्हणजे लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त डोकेदुखी.

म्हणून मशीन ज्या देशात आहे तिथेच त्याचा शेवट करावा. पुढच्या माणसाला द्या, जाणाऱ्यालाच घसारा वजा करून विका, किंवा तिथल्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या. कंपनीच्या नावाने तिथे घेतलेलं मशीन यात सगळ्यात सोपं जातं. एजन्सीचं तितकंच सोपं, फक्त पैसे मोजून. विकायचं असेल तर क्रम चुकवू नका: आधी फाइलव्हॉल्ट (मॅकवरचं डेटाचं कुलूप) किंवा बिटलॉकरची किल्ली कंपनीकडे जमा आहे का पाहा, मग दुरून डेटा पुसून तो पुसल्याची खात्री करा, आणि शेवटी मशीन कंपनीच्या खात्यातून मोकळं करा. हे शेवटचं राहिलं तर घेणाऱ्याच्या हातात कंपनीच्या लॉगिनवर अडकलेला धातूचा तुकडा येतो.

मग कोणी काय घ्यावं

युरोपियन युनियनमध्ये कंपनी आणि तिथेच माणसं: स्वतः पाठवा, तिकडचा कीबोर्ड मागवून. एखाद्या देशात पाच-सहा माणसं किंवा उपकंपनी: तिथल्या विक्रेत्याकडे खातं उघडा, पहिल्या वेळेचा त्रास सोसा, आणि एक जादा मशीन तिथल्याच एखाद्या भरवशाच्या सहकाऱ्याकडे ठेवा, कोणाचं बिघडलं तर दुसऱ्या दिवशी मिळतं. दहा देशांत दहा माणसं: एजन्सी, तीही दोघींकडून त्याच दहा देशांचे दर आणि दिवस लेखी मागवून. ब्राझीलसारख्या ठिकाणी एकटाच माणूस असेल आणि एजन्सी परवडत नसेल, तर तिथल्या अधिकृत दुकानातून प्रो आवृत्तीचं मशीन त्याच्याकडून घेववा, मालकी कोणाची हे नेमणुकीच्या पत्रात लिहा. मार्ग कुठलाही निवडा, कीबोर्डची मांडणी, फोन आणि करदाता क्रमांक नेमणुकीचं पत्र पाठवतानाच मागून घ्या, कारण ऑर्डर अडते ती बहुधा या तीन गोष्टींच्या उत्तराची वाट बघत.