तीन स्ट्रट की पाच? पहिली काइट घेण्याआधी

भाचा मे महिन्यात रामेश्वरमला काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून पळणं, शिकायला गेला आणि सोललेलं नाक आणि एक प्रश्न घेऊन परत आला: "मामा, एकच काइट घ्यायची तर कुठली?" वजन ७४ किलो, खिसा बेताचा. वर्षातून एक-दोनदा रामेश्वरम, हिवाळ्यात सुट्टी जमली तर गोव्यातलं मोरजी. यादी त्यानेच करून आणली होती: ओझोनची एंड्युरो, स्लिंगशॉटची रॅली, कॅब्रिन्हाची स्विचब्लेड, कोअरची एक्सआर. चारही फ्रीराइडच्या. म्हणजे भटकणं, थोड्या उड्या, जमलंच तर लाटा, सगळं एकीवरच.

मी म्हटलं, नावं राहू देत, आधी बरगड्या मोज.

बरगड्या म्हणजे स्ट्रट. पुढची हवा भरलेली कमान ती लीडिंग एज, तिच्यापासून मागे जाणाऱ्या फुगवलेल्या नळ्या ते स्ट्रट आणि त्यांवर ताणलेलं कापड ती कॅनोपी. पडलेली काइट बुडू नये, पाण्यातूनच पुन्हा उडवता यावी म्हणून हवा भरायची ही युक्ती फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांची, पेटंट १९८४ चं. एंड्युरो आणि रॅली तीन स्ट्रटच्या. एक्सआर पाचची, आणि स्विचब्लेडही वर्षानुवर्षं पाचचीच. सेकंडहँडमध्ये तरी तीच हाती लागते.

आधी वारा बघा

रामेश्वरमचं बेट असं आडवं पडलंय की उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा, डिसेंबर ते मार्च ईशान्येचा. दोन्ही ऋतूंत कुठली ना कुठली बाजू चालू असते. मोसमात साधारण १८ ते २५ नॉट (ताशी सागरी मैल), आणि बऱ्यापैकी एकसारखा. अशा वाऱ्यात पाच स्ट्रटची काइट राजेशाही वाटते. झोत आला तरी आकार मोडत नाही, डोक्यावर नेऊन ठेवली तर तिथेच उभी राहते. स्विचब्लेडचं तर घराणंच बो काइटचं, म्हणजे धनुष्यासारख्या चपट्या काइटचं. २००५ मध्ये कॅब्रिन्हाची क्रॉसबो आली आणि बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, पुढे ढकलला की ओढ जवळजवळ संपते, हे सुख सर्वसामान्यांना मिळालं. त्याआधीच्या सी-आकाराच्या काइटवर ज्यांनी हात मोडून घेतले त्यांना विचारा.

आता मोरजी. शापोरा नदीच्या मुखाजवळ दुपार कलल्यावर वायव्येचा वारा उठतो, १० ते १४ नॉट. कधी तेवढाही नाही, मग शॅकमध्ये बसून लिंबूसोडा. इथे पाच स्ट्रटची १२ मीटर (म्हणजे चौरस मीटर) काइट वाऱ्याचा जोर छान धरते, पण वारा क्षणभर पडला की आपल्याच वजनाने मागे सरकते आणि गोता खाते. पतंग उडवणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. जड कागदाचा पतंग मंद वाऱ्यात किती ढील दिली तरी खालीच बघतो. तीन स्ट्रटची त्याच मापाची काइट अर्ध्या किलोपर्यंत हलकी असते. ती तरंगत वाट बघते, आणि पडलीच तर कमी वाऱ्यातही पाण्यावरून लवकर उठते. शिकाऊ माणसाची काइट दिवसात पंधरा वेळा पडते, हे विसरू नका.

वळण्यातही फरक आहे. तीनवाली चपळ, पाचवाली जरा विचार करून वळते. उडी मात्र पाचवाली उंच देते आणि सावकाश खाली आणते. भाच्याला उड्यांचं वेड. पण ज्याला अजून वाऱ्याच्या वर चढता येत नाही, निघाला तिथून दोनशे मीटर खाली जाऊन बोर्ड काखोटीला मारून चालत येतो, त्याने उड्यांवरून काइट निवडू नये.

टिकाऊ म्हणजे नक्की काय

माझी पहिली काइट पाच स्ट्रटची होती, सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. मेच्या शेवटी रामेश्वरमहून आलो, काइट अर्धवट ओली तशीच गुंडाळून मुंबईच्या घरी कपाटावर टाकली. चार महिने पाऊस. दसऱ्याला पिशवी उघडली तर ब्लॅडर, म्हणजे नळ्यांच्या आतले हवा धरणारे फुगे, चिकट झालेले आणि दोन स्ट्रटचे व्हॉल्व्ह, पाकिटावरचं तिकीट वाफेवर सुटावं तसे, अलगद हातात आले. ब्लॅडर टीपीयू नावाच्या प्लास्टिकचे असतात. उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की ते आणि व्हॉल्व्हचा डिंक दोन्ही हळूहळू विरघळायला लागतात. आपल्याकडे काइट वापरून जेवढी म्हातारी होते तेवढीच कपाटात बसून होते.

दुसरा शत्रू वेडी बाभूळ. रामनाथपुरम जिल्हा तिने भरलाय. किनाऱ्यामागच्या झुडपात काइट एकदा पडली की काटा लीडिंग एजच्या डॅक्रॉन नावाच्या जाड कापडातूनही आत जातो. एकदा स्ट्रटला असंच भोक पडलं. ब्लॅडर ओढून काढला आणि गावातल्या सायकल पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने घमेल्यातल्या पाण्यात तो लांबलचक पारदर्शक फुगा हातभर हातभर सरकवत बुडवला. चौथ्या हाताला बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. मला लॉजच्या बादलीत त्याला तासभर लागला असता. मग त्याने सवयीने कानस फिरवली, सोल्यूशन लावलं, रबराचं ठिगळ दाबून धरलं, आणि हात काढताच ठिगळ सुटून घमेल्यात पडलं. तो ठिगळाकडे बघतोय, मी त्याच्याकडे. टीपीयूवर रबराचं सोल्यूशन धरत नाही. स्पिरिटने पुसून वर पारदर्शक चिकट पॅच लावावा लागतो. तेव्हापासून भोक शोधायला तो, पॅच माझा.

आता हिशेब करा. तीन स्ट्रटच्या काइटमध्ये लीडिंग एज धरून चार ब्लॅडर, पाचवालीत सहा. तेवढेच जास्त व्हॉल्व्ह, तेवढ्याच जास्त जोडनळ्या, तेवढ्याच शिवणी. आपल्याकडे काइट दुरुस्त करणारी दुकानं जवळजवळ नाहीत. बिघाड झाला की आपणच, किंवा जिथे शिकलो तिथला प्रशिक्षक. म्हणून मी दोन ब्लॅडर कमी असण्याला टिकाऊपणातच धरतो.

उलट बाजूही खरी आहे. कापड फडफडून मरतं. वारा वाढला की दोन स्ट्रटांमधलं मोकळं कापड थरथरतं, मागची कड चाबकासारखी वाजते आणि शिवण सैल होते. पाच बरगड्यांमध्ये कापडाला फडफडायला जागाच कमी. जो माणूस रोज २५ नॉटमध्ये काइट ताणून चालवणार आहे, त्याची पाचवाली कॅनोपी जास्त टिकेल. पण सुट्टीतल्या माणसाची काइट हवेत कमी आणि वाळूत जास्त फडफडते. चहा प्यायला गेलात तर काइट उतरवून, उलटी करून, वाळूच्या पिशव्या ठेवून जा. मोकळी वाळू ओतू नका, ती कापडाला काचकागदासारखी घासते. आणि भर दुपारी टम्म फुगवून उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि शिवण नाहीतर व्हॉल्व्ह जातो.

कापडाच्या ब्रँडवरून फार डोकं शिणवू नका. चांगल्या काइटचं कापड म्हणजे चौकटीच्या विणीचं, फाट पुढे पळू न देणारं रिपस्टॉप पॉलिस्टर. जपानच्या टेइजिनचं कापड तर कित्येक कंपन्या वापरतात. कोअरचं स्वतःच्या नावाचं, कोअरटेक्स. अलूला नावाच्या नव्या, फार हलक्या कापडाच्या काइट सुरेख उडतात, पण पहिल्या काइटवर तो पैसा घालवणं म्हणजे सायकल शिकायला कार्बन फ्रेम घेणं.

चौघी

एंड्युरो: चौघींत सगळ्यात मनमिळाऊ. ओझोन आपल्या काइट व्हिएतनाममधल्या स्वतःच्या कारखान्यात शिवते आणि शिवणीचं काम बघितलं की ते कळतं. हलकी, बारला उत्तर लगेच देते, मोरजीच्या वाऱ्यात रडवत नाही. उड्या ठीकठाक.

रॅली: दणकट म्हणून ख्याती आहे आणि खोटी नाही. बारवर काइट नेमकी कुठे आहे ते न बघता समजतं, शिकणाऱ्याला हे फार उपयोगी. माझं मत विचाराल तर रॅली आणि एंड्युरोत जी चांगल्या अवस्थेत आधी मिळेल ती घ्यावी.

स्विचब्लेड: झोताच्या वाऱ्यात डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी. बार थोडा जड. दोन तासांनी कोपराच्या पुढचा हात बोलतो. वजन ८५ च्या पुढे असेल तर मी हिचं नाव आधी घेईन, कारण ओढ भरपूर.

एक्सआर: जर्मन, महाग, आणि हवेत तरंगण्याची मजा हिच्यासारखी बाकी तिघींत नाही. दुसरी काइट म्हणून घ्या.

सेकंडहँड घेताना

नवी १२ मीटर काइट युरोपात बारशिवाय साधारण दीड ते दोन हजार युरोंना पडते, वर आपला कर. त्यामुळे बहुतेक जण रामेश्वरम किंवा श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मोसमाच्या शेवटी शाळा विकतात त्या काइट बघतात. तिथे काही गोष्टी हाताने करून बघाच. कॅनोपी उन्हासमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर परत करा. कापड चिमटीत चुरगाळा, नव्या नोटेसारखं कुरकुरलं पाहिजे. धुतलेल्या मलमलीसारखं लागलं तर उन्हाने खाल्लंय. काइट कडक फुगवून रात्रभर सावलीत ठेवायला सांगा आणि सकाळी बोटाने दाबा. ब्रायडलच्या, म्हणजे लीडिंग एजला बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्याच्या, पुली फिरवून बघा. वाळूने अडकलेली पुली दोरी करवतीसारखी कापते. विकणारा घाईत असेल तर चहा मागवा आणि तुम्ही घाई करू नका.

बार मात्र जुना नको. ओढ तोडून काइटपासून सुटका करणाऱ्या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं. त्याआधीचा बार फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि नवा घेताना आपल्या काइटशी जुळतो का ते विचारा.

भाच्याने शेवटी दोन मोसम वापरलेली १२ मीटरची एंड्युरो घेतली. देशांतर्गत विमानात १५ किलो सामान. काइट, बार, पंप आणि हार्नेस (ओढ अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) मिळून त्यात बसले, बोर्ड तिथेच भाड्याने. एक्सआर घेतली असती तर उड्या मारल्या असत्या, असं तो अजून अधूनमधून म्हणतो. डिसेंबरात मोरजीला पहिल्या दोन दिवसांत त्याने ती अकरा वेळा पाण्यातून उठवली. मी मोजत होतो. तिसऱ्या दिवशी वारा ११ नॉट होता, आणि पहिल्यांदाच तो निघाला तिथेच परत आला, बोर्डवर उभा राहून.