न्यूस्टेड अ‍ॅबी, नॉटिंगहॅमशायर: भुताच्या कथा दिवसाउजेडी पाहाव्यात

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या उत्तरेला सुमारे बारा मैलांवर असलेले न्यूस्टेड अ‍ॅबी कवी बायरनचे वडिलोपार्जित घर म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही तिथल्या भुतांच्या कथा समजून घ्यायच्या असतील, तर आत शिरण्यापूर्वी पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहावे. बाराव्या शतकात राजा दुसऱ्या हेन्रीने स्थापन केलेल्या ऑगस्टिनियन मठाच्या चर्चची ही भिंत आहे. तिच्यामागचे चर्च नाहीसे झाले असून तिथे आता हिरवळ आहे. आठव्या हेन्रीच्या आज्ञेने १५३९ मध्ये हा मठ बरखास्त झाला आणि पुढच्याच वर्षी ही मालमत्ता सर जॉन बायरन यांच्या हाती गेली. काळ्या झग्यातल्या मठवाशाची दंतकथा या हिरावून घेण्यातूनच उगवली आहे.

बायरन घराण्यावर संकट येणार असले की हा मठवासी दिसतो, असे सांगतात. कवी बायरनने आपल्या ‘डॉन जुआन’ काव्याच्या सोळाव्या सर्गात त्याला अमर केले: लग्नाच्या रात्री तो वावरतो, वारस जन्मला की शोक करतो आणि मालकाच्या मृत्युशय्येपाशी येतो, पण दुःख करायला नव्हे. १८१५ मधल्या आपल्या विवाहापूर्वी तो आपल्याला दिसला होता, असे बायरन म्हणत असल्याचे सांगितले जाते. ते लग्न वर्षभरात मोडले. बायरनच्या शयनगृहाला लागून असलेली ‘झपाटलेली खोली’ पाहताना हा सगळा संदर्भ मनात असेल, तर ती साधी, लहानशी खोलीही अंगावर येते.

तळ्याची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. मठ सोडताना मठवाशांनी गरुडाच्या आकाराचे पितळी वाचनपीठ तळ्यात टाकले, असे म्हणतात. अठराव्या शतकात ते खरोखरच तळ्यातून निघाले आणि त्याच्या पोकळीत मठाची जुनी कागदपत्रे सापडली. आज ते साउथवेल गावातील मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे. दंतकथेच्या बुडाशी असा ठोस पुरावा मिळणे दुर्मीळ असते.

बागेत फिरताना ‘पांढऱ्या बाई’ची आठवण ठेवावी. सोफिया हायट ही बायरनच्या कवितेने भारावलेली, ऐकू-बोलू न शकणारी स्त्री पांढऱ्या वेषात इथे एकटी फिरत असे. १८२५ मध्ये नॉटिंगहॅमच्या रस्त्यावर गाडीखाली सापडून तिचा अंत झाला. तिचे भूत पाहायला येणाऱ्यांनी आधी तिच्या एकाकीपणाचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच जुन्या वास्तूंमध्ये रात्रीच्या ‘भूत-शोध’ सहली नेणाऱ्या संस्थांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. अशाच एका संस्थेबरोबर दुसऱ्या एका वास्तूत गेलो असता, लुकलुकणाऱ्या यंत्रांभोवती तासन्‌तास बसवून ठेवले गेले आणि तिथे पूर्वी कोण राहत होते, याविषयी मार्गदर्शकाने अवाक्षरही काढले नाही. न्यूस्टेडमध्ये खोल्या, भिंती आणि तळे हेच कथा सांगतात, आणि ती दिवसाच्या उजेडात अधिक स्पष्ट ऐकू येते.

काही व्यावहारिक सूचना. वाडा आतून ठरावीक दिवशीच उघडा असतो, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच निघावे. बसने गेल्यास मुख्य फाटकापासून वाड्यापर्यंत सुमारे मैलभर चालावे लागते. सोबत वयस्क मंडळी असतील, तर गाडी करणे बरे. बायरनने १८०८ मध्ये मेलेल्या बोट्सवेन या कुत्र्यासाठी बांधलेले स्मारक चुकवू नये, कारण मठाच्या चर्चची मुख्य वेदी जिथे होती असे त्याला वाटे, तिथेच ते उभे आहे. हाताशी वेळ असेल, तर जवळच्या हकनॉल गावातील चर्चमध्ये बायरनची समाधीही त्याच दिवशी पाहून होते.