दहापट भिंगातून राणी पाकोळी आणि दरोडेखोर माशी

घडीचे दहापट भिंग घेऊन मी येऊरच्या जंगलात गेलो आणि खरेदी सार्थकी लागली. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीचा वाटेत पडलेला पंख भिंगाखाली धरला, तेव्हा निळे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले. दरोडेखोर माशीला पंख दोनच. पण तोंडावर राठ मिशी आणि खाली ताठ, सुईसारखी सोंड, जिच्यातून ती भक्ष्यात विषारी लाळ सोडते आणि आतला विरघळलेला भाग शोषून घेते. भिंग अडीच सेंटीमीटरवर धरावे लागत असल्याने जिवंत पाकोळी हाती लागत नाही. माशी मात्र शिकार शोषताना बराच वेळ हलली नाही. काच स्वच्छ, कडांनाही प्रतिमा फाटत नाही. निरीक्षकांनी जरूर घ्यावे.