पॅकेज घ्यायचं की नुसतं तिकीट? ल्यूटनच्या दोन विमान कंपन्यांकडे बघून ठरवा

ब्रिटनमधल्या मराठी घरांत उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की हा वाद ठरलेला. एकाचं म्हणणं असतं, टूर कंपनीचं पॅकेज घेऊन टाकू, विमान आणि हॉटेल एकाच ठिकाणी मिटेल. दुसरा म्हणतो, स्वस्तातलं तिकीट वेगळं काढू, हॉटेल वेगळं बघू, तेवढेच पैसे वाचतील. दोघंही फक्त किंमत बघतात. पण किमतीपेक्षा मोठा प्रश्न असा की कंपनी मधेच बुडाली तर नुकसान कोणाच्या खिशातून जाणार. त्याचं उत्तर ब्रिटिश चार्टर, म्हणजे सहल कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना नेणाऱ्या, विमान कंपन्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं, म्हणून ब्रिटानिया आणि मोनार्क या दोघींना शेजारी ठेवून बघू.

दोघी लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावरच्या. सुरुवातीच्या काळात दोघींकडे ब्रिस्टल ब्रिटानिया हीच चार पंख्यांची विमानं होती, आणि दोघींचे प्रवासी ऊन शोधत स्पेनकडे निघालेले. ब्रिटानिया नावं बदलत आजही उडते आहे. मोनार्क २०१७ मध्ये एका रात्रीत बंद पडली.

ब्रिटानियाचं मूळ नाव युराव्हिया. युनिव्हर्सल स्काय टूर्स ही सहलींची कंपनी चालवणारे टेड लँगटन यांना आपल्या गिऱ्हाइकांसाठी भरवशाची विमानं हवी होती. ५ मे १९६२ रोजी पहिलं विमान मँचेस्टरहून स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्माला गेलं. ताफा म्हणजे इस्राएलच्या एल अलकडून घेतलेली तीन जुनी कॉन्स्टलेशन विमानं. १९६४ मध्ये ब्रिटानिया हे नाव आलं आणि १९६५ मध्ये थॉमसन समूहाने विमान कंपनी आणि सहल कंपनी दोन्ही विकत घेतल्या. तिथून पैसा आला, आणि १९६८ मध्ये बोइंग ७३७-२०० वापरणारी ती युरोपातली पहिली कंपनी ठरली. हा इतिहास डागाविना नाही. १ सप्टेंबर १९६६ ला ल्युब्लियानाजवळ तिचं विमान कोसळून ९८ जण गेले.

मोनार्क १९६७ ची. ब्रिटिश ईगल या कंपनीतल्या दोन जुन्या माणसांनी ती काढली आणि पैसा घातला मांतेगाझा या स्विस-इटालियन कुटुंबाने. ५ एप्रिल १९६८ ला पहिली फेरी ल्यूटनहून माद्रिदला. कॉसमॉस ही सहल कंपनीही याच कुटुंबाची. म्हणजे सुरुवातीला दोन्ही कंपन्यांची गोष्ट सारखीच: सीट भरण्याची काळजी विमान कंपनीला नाही, ती सहल कंपनीने आधीच वाहिलेली.

चार्टरचं सगळं गणित इथेच आहे. नेहमीची विमान कंपनी वेळापत्रक लावते आणि प्रवासी येतील अशी वाट बघते. चार्टरमध्ये सहल कंपनी हंगामाच्या आधीच सीटा उचलते, त्यांना हॉटेल जोडते आणि पॅकेज विकते. विमान जवळजवळ भरूनच उडतं, पहाटे निघतं, परत येऊन दुपारी दुसऱ्या गावाला जातं, रात्री तिसऱ्या. त्यामुळेच एरवी परदेशी सुट्टी न परवडणारं कामगार कुटुंब मायोर्काच्या किनाऱ्यावर पोचू शकलं. मला या कंपन्यांबद्दल जे प्रेम वाटतं ते यासाठीच.

याच ल्यूटनवर कोर्ट लाइन नावाची तिसरी कंपनी होती, तिच्याशिवाय ही तुलना अर्धवट राहील. गुलाबी, नारिंगी अशा भडक रंगांची तिची विमानं लांबून ओळखू यायची. जेवण वाढण्याचा वेळ वाचावा म्हणून तिने समोरच्या सीटच्या पाठीतच जेवणाचे खण केले होते, एक जातानाचा आणि एक परतीच्या प्रवाशांसाठीचा. इतक्या बारकाईने खर्च वाचवूनही, तेल महागल्यावर, १५ ऑगस्ट १९७४ रोजी ती क्लार्कसन्स या आपल्या सहल कंपनीसकट बुडाली. ऐन सुट्टीच्या मोसमात हजारो लोक परदेशात अडकले आणि पैसे भरलेल्या कितीतरी जणांची सुट्टीच गेली. त्यानंतर १९७५ मध्ये प्रवाशांसाठी राखीव निधी उभा राहिला. आज पॅकेज घेतल्यावर हातात पडणारं ॲटॉल प्रमाणपत्र त्याच व्यवस्थेचं पुढचं रूप आहे. सहल कंपनी दर माणशी अडीच पौंड त्या निधीत भरते. कंपनी बुडाली तर न गेलेल्यांना पैसे परत मिळतात आणि गेलेल्यांना घरी आणलं जातं.

आता दोघींचे रस्ते कुठे फुटले ते बघा. ब्रिटानिया सहल कंपनीला धरून राहिली. २००० मध्ये थॉमसन जर्मनीच्या प्रॉयसॅग समूहाकडे गेली, तोच समूह पुढे टीयूआय झाला. विमानांवरचं नाव आधी थॉमसनफ्लाय, मग थॉमसन एअरवेज, आणि २०१७ पासून टीयूआय एअरवेज. मोनार्क मात्र १९८० च्या दशकापासून नियमित फेऱ्यांकडे वळली, हळूहळू नुसत्या सीटा विकू लागली. १९९५ मध्ये तिच्याच अंगणात, ल्यूटनवर, इझीजेट सुरू झाली होती. स्वस्त सीटच्या स्पर्धेत तिच्यापुढे टिकणं सोपं नव्हतं. २०१४ मध्ये मांतेगाझा कुटुंबाने मोनार्क ग्रेबुल कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली. २०१५ मध्ये ट्युनिशियात पर्यटकांवर हल्ला झाला, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या फेऱ्या बंद पडल्या, ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पौंड घसरला. २ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे सगळं थांबलं. सुमारे १,१०,००० प्रवासी परदेशात होते आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ॲटॉल नव्हतं, कारण त्यांनी नुसती सीट घेतली होती. सरकारने सगळ्यांना परत आणलं, पण ते बांधील होतं म्हणून नव्हे. २००८ मध्ये एक्सएल ही विमान कंपनी बुडाली तेव्हा ॲटॉल नसलेल्यांना परतीच्या सीटचे पैसे मोजावे लागले होते. २०२० मध्ये फ्लायबी ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा तर प्रवाशांनी आपली सोय आपणच करायची होती.

यावरून कोणी म्हणेल, मग मोठ्या समूहाचं पॅकेज घेतलं की झालं. तसं नाही. ब्रिटनच्या थॉमस कुक या सहल कंपनीकडे विमानं, दुकानं, हॉटेलं सगळं होतं, आणि २३ सप्टेंबर २०१९ ला १७८ वर्षांची ती कंपनी कर्जाखाली बुडाली. तिची विमानं गोव्याला यायची, त्यामुळे तिथल्या हॉटेलवाल्यांना तो हिवाळा जड गेला. मुंबईतली थॉमस कुक इंडिया वेगळ्या मालकीची, २०१२ पासून कॅनडाच्या फेअरफॅक्सकडे, म्हणून ती चालू राहिली. टीयूआयलाही २०२० मध्ये जर्मन सरकारी बँकेचं १.८ अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं. तेव्हा मालकाच्या आकाराकडे बघू नका, ॲटॉलचा कागद बघा.

माझा सल्ला सरळ आहे. मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील, शाळेच्या सुट्टीच्या तारखा ठरलेल्या असतील आणि पैसे सहा-आठ महिने आधी भरायचे असतील, तर पॅकेजच घ्या. पैसे भरताच ॲटॉल प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक नागरी विमान प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासा. दोघंच असाल, आठवड्याभराने निघणार असाल, किंवा गावी लोकांकडे उतरणार असाल, तर पॅकेजला काही अर्थ नाही, नुसतं तिकीट बरं. मात्र १०० पौंडांच्या वरचं तिकीट डेबिट कार्डाने काढू नका, क्रेडिट कार्डाने काढा. विमान कंपनी बुडाली तर ब्रिटिश कायद्याप्रमाणे कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते.

भारतीय पासपोर्टवर असाल तर आणखी एक गोष्ट बघा. स्पेन-ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो नाकारला गेला तर ॲटॉल कामाला येत नाही, रद्द करण्याचा खर्च तुमच्याच माथी. म्हणून पूर्ण रक्कम भरण्याची शेवटची तारीख आधी विचारून घ्या आणि व्हिसाची भेटीची वेळ तिच्या आधीची मिळते का ते बघूनच बुकिंग करा.